कालनिर्णय कुठे लावायचं?

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आई नेहमीसारखं कोपऱ्यावरच्या दुकानातून कालनिर्णय घेऊन आली आणि हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "कुठे लावू?" साधा प्रश्न. नवीन फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला दीड महिना झाला होता, इंटिरियरवाल्यांचं शेवटचं बिल नुकतंच चुकतं केलं होतं, आणि मी, आई, बायको असे तिघंजण ते कालनिर्णय हातात धरून, सत्यनारायणाचा चौरंग कुठे मांडायचा ते बघत फिरावं तसे घरभर फिरलो. हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला ते उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं पॅनल, तिथे शक्यच नाही. समोरच्या भिंतीला टेक्स्चर पेंट, त्याला भोक पाडायची हिंमत नाही कारण डिझायनर मॅडम बजावून गेल्या होत्या की नंतर पॅच दिसेल. किचनमध्ये भिंत अशी नाहीच, म्हणजे आहे, पण वर कॅबिनेट, खाली कॅबिनेट आणि मधल्या दोन फुटांत टाइल्स. बेडरूमला वॉलपेपर. शेवटी ड्राय बाल्कनीत झाडू ठेवायच्या कपाटाच्या दाराला आतून डबल टेपने चिकटवलं आणि तिसऱ्या रात्री अडीच वाजता ते धप्पकन पडलं, सगळं घर जागं झालं.

सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "अरे, वीस वर्षांचं कर्ज काढून एवढं घर घेतलंस, आणि त्यात एका कालनिर्णयाला जागा नाही होय?"

मला आधी राग आला. मग दोन दिवस तेच डोक्यात फिरत राहिलं. कारण खरं सांगायचं तर ते घर मला आपलं वाटतच नव्हतं, चांगल्या हॉटेलात उतरल्यासारखं वाटत होतं, टॉवेल कुठे टाकू असं विचारावंसं वाटायचं. आणि यावर उपाय शोधायला मोबाइल उघडला की जे रील्स येतात ते सगळे एकाच चालीवर. घराला पर्सनॅलिटी द्या, गॅलरी वॉल करा, पिवळे दिवे लावा, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड ठेवा, आजीच्या पितळी हंड्याची कुंडी करा (आणि आजीचा हंडा मोडीत गेला असेल तर ऑनलाइन मिळतोच, मुद्दाम काळा करून). म्हणजे घर आपलं वाटत नसेल तर अजून काहीतरी विकत घ्या. तुमची खरेदी कमी पडली.

मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की घर आपलं होतं ते दोन गोष्टींनी, घराला हात लावायची मुभा आणि इथे बरीच वर्षं राहणार आहोत ही खात्री. हौस, आवड, पैसा, हे सगळं त्यानंतर. आणि या दोन्ही गोष्टी आपण आपल्या भाडेकराराच्या पद्धतीत, सोसायट्यांच्या नियमांत, बिल्डरच्या बांधकामात आणि स्वतःच्या डोक्यातसुद्धा पद्धतशीर बंद करून टाकल्यात. त्यामुळे हा प्रश्न मला सजावटीचा वाटत नाही, सार्वजनिक वाटतो. हसू नका, सांगतो.

माझे आजोबा शनिवार पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. भाड्याने. चाळीस वर्षं भाड्याने, आणि शेवटी शेवटी भाडं होतं महिना २२ रुपये. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ भिंतीला टेकून ते दुपारी पाय पसरून पेपर वाचत बसायचे, डोक्याला खोबरेल चोपडलेलं, आणि वर्षानुवर्षं तिथंच डोकं टेकून टेकून भिंतीवर ताटलीएवढा काळपट तेलकट गोल उमटला होता. दिवाळीच्या आधी कधी डिस्टेंपर मारला की तो झाकला जायचा आणि संक्रांतीपर्यंत परत वर यायचा, तेल काही चुन्याला जुमानत नाही. आजोबा गेल्यावर तिथे कोणी टेकून बसत नसे. कोणी नियम केला नव्हता, पण पाहुणा नकळत तिथे बसायला लागला की काकू म्हणायची, "जरा इकडे सरकून बसा ना, तिथे ऊन येतं." ऊन येत नव्हतं.

आतल्या खोलीच्या दारामागे गॅस लावल्याच्या तारखा होत्या. आधी पेन्सिलने, मग बॉलपेनने, मग कोणाच्यातरी स्केचपेनने हिरव्या रंगात, खालून वर चढत गेलेल्या, कारण आजीची उंची कमी आणि पुढे काकू लिहायला लागली. किती दिवस सिलेंडर पुरला याचा हिशोब तिथेच, आणि मधेच एका ठिकाणी "मंगल १०वी ६१%" असंही लिहिलेलं, कारण निकाल कळला तेव्हा हातात पेन्सिल होती आणि समोर दार होतं. भिंतीत कोनाडे, एका देवळीत रॉकेलची चिमणी, खुंट्यांवर शर्ट आणि पिशव्या, वरच्या लाकडी पट्टीवर दोरीने पुढे कललेले फोटो. ज्या गवंड्याने तो वाडा बांधला त्याने राहणारा माणूस काहीतरी टांगणार, काहीतरी ठेवणार, दिवा लावणार हे गृहीत धरूनच भिंत उचलली होती. भिंतीतच जागा सोडलेली.

आता मुद्दा बघा. ते घर आजोबांच्या मालकीचं नव्हतं! तरी त्या परिसरात ते त्यांचंच घर होतं, कारण १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमुळे त्यांना कोणी सहजासहजी बाहेर काढू शकत नव्हतं, भाडंही वाढवू शकत नव्हतं. उद्या जावं लागेल ही भीती नसली की माणूस दारावर तारखा लिहितो. मालकीपेक्षा मला ही खात्री जास्त महत्त्वाची वाटते.

अर्थात या खात्रीची किंमत दुसरं कोणीतरी मोजत होतं हेही लपवण्यात अर्थ नाही. २२ रुपयांत मालक कौलं काय बदलणार? पावसाळ्यात घरात पाच पातेली मांडलेली असायची, मागचा जिना एका बाजूने लोंबायचा, आणि अशाच गोठलेल्या भाड्यांपायी पुण्या-मुंबईत कितीतरी वाडे आणि चाळी सडत गेल्या, काही माणसांच्या अंगावर पडल्या. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि २००० पासून लागू झाला, तोपर्यंत आमच्या वाड्याची मागची बाजू टेकूवर होती. पुढे तो पाडला. तो काळ परत आणा असं मी म्हणत नाहीये. पण आपण त्या टोकावरून उडी मारली ती थेट अकरा महिन्यांवर.

अकरा महिन्यांचं हे प्रकरण मोठं गमतीचं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, तो टाळायला देशभर अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स किती का महिन्यांचं असेना, लेखी आणि रजिस्टर करावंच लागतं. म्हणजे अकरा महिन्यांनी इथे वाचत काहीच नाही. उलट ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना स्टॅम्प ड्यूटीचा दर एकच, ०.२५ टक्के. पाच वर्षांचा करार करायला कोणी हात धरलेला नाही. तरी ब्रोकर अकराच लिहितो, मालक अकराच मागतो, आणि आपणही मान डोलावतो, आणि मग दर वर्षी दिवाळीनंतर पोटात गोळा, की घरमालक काका यंदा भाडं वाढवतायत की आपल्याला काढतायत.

मी लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा घरं भाड्याने बदलली. त्यातलं चौथं घर सोडताना मालक काका वही आणि बॉलपेन घेऊन आले आणि प्रत्येक खोलीत खिळे मोजले. "हॉलमध्ये पाच. बेडरूम तीन. आणि हा बाथरूमबाहेरचा कोणी मारला?"

"काका, तो आधीपासून होता."

"माझ्या घरात आधीपासून काही नव्हतं हो."

एका भोकाला २०० रुपये धरून १,८०० कापले, वर पेंटिंगचे म्हणून १२,००० कापले. नंतर त्या घरात माझ्याच ऑफिसमधला एक मुलगा राहायला गेला, त्याने फोटो पाठवला, स्विचबोर्डच्या बाजूला आम्ही मुलीसाठी चिकटवलेलं फुलपाखरू तसंच होतं. रंग मारलाच नव्हता. पैशाचं सोडा, पण त्या वहीचा परिणाम असा झाला की पुढच्या घरात आम्ही एकही खिळा मारला नाही. तीन वर्षं. लग्नाचा फोटो फ्रिजवर टेकवलेला, तोही दार जोरात लागलं की घसरायचा, बाकी फ्रेमा खोक्यात. आज त्या घराच्या भिंतीचा रंग कोणता होता ते मला आठवत नाही. बायकोलाही आठवत नाही. मुलगी तिथे चालायला शिकली आणि आम्हाला भिंतीचा रंग आठवत नाही.

बरं, २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांना दिला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं असं म्हटलंय आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची त्याची यादीच जोडलीये. नळाचे वॉशर, स्विच, कुलूपं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांना रंग मालकाकडे. मालकाकडे! हे मी ज्या ज्या भाडेकरूला सांगितलं तो आधी हसला. आपल्याकडे रंगाचा एक महिना डिपॉझिटमधून जाणारच हे लोकांनी सूर्य पूर्वेला उगवतो तसं मान्य केलंय.

माझी मामेबहीण जर्मनीत स्टुटगार्टला असते, भाड्याच्याच घरात. पहिल्यांदा घर ताब्यात मिळालं तेव्हा तिने रडवेल्या आवाजात फोन केला की अरे इथे किचनच नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतायत. तिथे बऱ्याच घरांत भाडेकरू स्वतःचं किचन आणतो, बसवतो आणि जाताना घेऊन जातो किंवा पुढच्याला विकतो. आपल्याला हे ऐकूनच घाम फुटतो. पण त्यामागे काय आहे बघा, तिथे निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात, करार साधारण बेमुदतच असतो, मुदत घालायची तर मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं, आणि फोटोसाठी, शेल्फसाठी माफक भोकं पाडणं हा घराच्या वापराचाच भाग धरला जातो. बहिणीने स्वयंपाकघरात आल्या आल्या ड्रिलने मांडणी लावली. हो, आपली स्टीलची मांडणी, मामीने मिरजेहून सामानातून पाठवलेली, ताटं उभी, वाट्या उपड्या, खाली कपांचे हूक. तिच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे ती मांडणी दिसते आणि मला दर वेळी वाटतं की हिचं भाड्याचं घर माझ्या स्वतःच्या घरापेक्षा जास्त घर आहे.

कारण माझ्या स्वतःच्या घरातही अवस्था वेगळी नाही, हेच तर कालनिर्णयाने दाखवलं. इथे तर घरमालक मीच. मग नाही कोण म्हणतंय?

पहिली तर भिंत म्हणते. हल्ली मोठ्या प्रोजेक्टमध्ये मिवान पद्धतीने बांधतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्याने होतं, प्लॅस्टर फारसं लागत नाही, बिल्डरचा वेळ वाचतो, गळतीही कमी असते म्हणतात. पण त्या भिंतीला साधा खिळा मारून बघा. वाकतो. दुसरा घ्या, तोही वाकतो, तिसरा उडून डोळ्याकडे येतो. हॅमर ड्रिल लागतो, भोकात बसवायची गिट्टी लागते, म्हणजे माणूस बोलवावा लागतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच भिंती इमारतीचा भार घेतात, त्यामुळे पुढे मुलीसाठी खोली मोठी करू, मधली भिंत काढू, हा विषयच बंद. जिथे हलक्या ब्लॉकच्या भिंती आहेत तिथे उलट तऱ्हा, खिळा लोण्यात जावा तसा जातो आणि फोटोसकट बाहेर येतो. विटांच्या भिंतीत मारलेला खिळा आजोबांच्या घरी तीस वर्षं होता, त्याला एका वेळी पाच पिशव्या असायच्या.

दुसरं, आम्हीच घर तयार घेतो. पंचेचाळीस दिवसांत पूर्ण, टू बीएचकेचं पॅकेज. आम्हीही घेतलं, तक्रार कोणाकडे करणार. कॉम्प्युटरवर थ्रीडी चित्र दाखवलं त्यात राखाडी सोफा, राखाडी पडदे, एक गोल आरसा, आणि माणसं नव्हती. पिशवी नव्हती, चार्जर नव्हता, वाळत घातलेला टॉवेल नव्हता, औषधांचा डबा नव्हता. मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं. मग प्रत्यक्षात घर तसं ठेवायचं तर आपणच आपल्याला सारखं उचलून ठेवावं लागतं. आईचं शिलाई मशीन बेडरूममध्ये कुठेही बसेना, ते मापात नव्हतं, मग मशीन गॅलरीत, गॅलरीत पाऊस येतो म्हणून त्यावर प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिक काढा-घाला नको म्हणून आईने शिवणच सोडलं. एका पॅकेजने एका बाईचं चाळीस वर्षांचं शिवण सोडवलं, आणि आम्ही फर्निचरला फाइव्ह स्टार रेटिंग दिलं.

आणि तिसरं, विकायचंय. आज नाही, कधीतरी. हे भूत प्रत्येक मराठी मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये राहतं. भिंतीला गडद रंग नको, पुढे विकताना त्रास होतो. देवघर तिथे नको, घेणारा दुसऱ्या धर्माचा असला तर? कडाप्प्याचा ओटा नको, ग्रॅनाइट हवा, रीसेलला बरं दिसतं. म्हणजे अजून न जन्मलेल्या गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून आपण स्वतः वीस वर्षं कोणाला न खुपणाऱ्या घरात राहायचं. हप्ता आपण भरायचा आणि मन त्याचं राखायचं.

आता कोणी म्हणेल, तुला काय जातंय बोलायला, ज्याच्याकडे घरच नाही त्याला विचार. बरोबर आहे. ज्यांना आडनाव सांगितल्यावर, मटण खाता का विचारल्यावर, एकटी मुलगी म्हटल्यावर घर नाकारलं जातं त्यांच्यासाठी खिळ्याचा प्रश्न फार पुढचा आहे, आणि हे नाकारणं आपल्या सुशिक्षित सोसायट्यांत राजरोस चालतं. आणि चाळीचं कौतुक करणाऱ्यांबद्दल तर मला जरा चीडच आहे. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या, इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास बाहेर कॉमन. तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना जाऊन कोणी म्हणावं की तुमच्या जुन्या खोलीला काय कॅरॅक्टर होतं हो? रात्री दोन वाजता रांगेशिवाय संडासला जाता येणं हे मोठं सुख आहे आणि ज्याने रांग लावलीये त्यालाच ते कळतं. पण त्याच माणसाला एक विचारायला हवं, आणि हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, की १६० फुटांत तू जो माळा स्वतः उभा केला होतास, दाराबाहेर पाण्याच्या पिंपाला जी फळी केली होतीस, गणपतीत पॅसेज जसा वापरत होतास, ते करायची मोकळीक नव्या टॉवरमध्ये किती आहे? चौरस फूट मोजता येतात म्हणून आपण तेवढेच मोजतो.

अजून एक आक्षेप माझ्या घरातूनच आला आणि तो मला सगळ्यात जड गेला. बायको म्हणाली, "कोनाडे, मांडण्या, पितळेची भांडी हे सगळं छानच, पण पुसणार कोण?" खरंच, आजीच्या घराचं जे रूप मला आठवतं ते आजीच्या आणि काकूच्या हातांवर उभं होतं. चिंचेने पितळ घासणं, मांडणीवरची भांडी दर शनिवारी काढून पुसणं, जळमटं. मॉड्युलर किचनचं दार लावलं की धूळ नाही, तेलकटपणा नाही, आणि पाहुण्यांसमोर पसाराही दिसत नाही. तिला ते बंद दार आवडतं आणि तिचं बरोबर आहे. त्यामुळे जिवंत घर म्हणजे उघडी भांडी असा माझा आग्रह मी मागे घेतला. आपलेपणाच्या नावाखाली बाईवर धुणी-पुसणी वाढवायची नाहीत. तिचा आपलेपणा बंद कॅबिनेटमध्ये असेल तर तो तिथे असू दे, ठरवायचं तिने. तिने आतून दाराला किराणाच्या याद्या चिकटवल्या आहेत, तेही बघितलंय मी.

घरमालकांची बाजूही आहे. भाडेकरू ओट्यावर खलबत्ता आपटून ग्रॅनाइट फोडतात, न विचारता एसीसाठी भिंत कापतात, हे होतं. आणि मालकी घरातसुद्धा लोक कॉलम तासतात, बीम फोडतात, गॅलरीची भिंत पाडून हॉल मोठा करतात आणि वरच्या सात मजल्यांचा जीव टांगणीला लावतात, तिथे सोसायटीने आणि महापालिकेने काठी घेऊनच उभं राहायला हवं. पण माझी तक्रार अशी आहे की आपल्याला कॉलम आणि खिळा यातला फरकच कळेनासा झालाय. बीम फोडणाऱ्याला सोसायटी नोटिसा काढत बसते आणि गॅलरीत चादर वाळत घातलेल्या आजींना वॉचमन इंटरकॉमवरून लगेच झापतो, एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, खराब दिसतं म्हणून. दाराबाहेर रांगोळी काढली तर हाउसकीपिंगला त्रास. दारावर स्वतःच्या आवडीची पाटी लावली तर युनिफॉर्मिटी जाते, सगळ्यांनी काळ्या अ‍ॅक्रिलिकचीच लावायची. पूर्वी बंगल्यांना लोक श्रमसाफल्य, मातृछाया अशी नावं द्यायचे, आम्ही त्यांना हसायचो. आता आम्ही बी विंग ११०४.

वेगळं करता येतं का? येतं, आणि आपल्याच नवी मुंबईत केलं गेलंय. बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ च्या सुमारास सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, एक वसाहत आखली, लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे प्लॉट, म्हणजे कमी मिळकतवाला आणि जास्त मिळकतवाला यांच्या प्लॉटमध्ये फार तफावत नाही. सात घरं एका अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून पुढचं मोठं अंगण. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढलं, हातात पैसे आले, की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येईल. घर पुढे बदलणार हे नकाशातच धरलेलं. आमच्या वाड्याच्या गवंड्याने कोनाडा सोडला होता तसं, फक्त इथे अख्खं घरच मोकळं सोडलं.

आज तिथे गेलात तर उतरत्या छपरांची मूळ छोटी घरं फार थोडी दिसतात. बरीच पाडून तीन तीन मजले चढवलेत, कुठे स्टीलचे कठडे, कुठे गुलाबी टाइल्स, कुठे खांबांना सिंह. आर्किटेक्चरची मुलं कॅमेरे घेऊन येतात आणि हळहळतात की मूळ डिझाइन राहिलं नाही. मी दोनदा गेलोय आणि मला तरी हळहळ वाटली नाही. गर्दी वाढलीये, गाड्यांनी अंगणं खाल्लीयेत, ते खटकलं. पण गुलाबी टाइल्स? ज्याचं घर आहे त्याला गुलाबी आवडतो. कोरियांनी लोकांना मोकळीक दिली आणि लोकांनी ती घेतली, आता त्यातून आपल्या पसंतीचंच काहीतरी निघायला हवं होतं ही अपेक्षा आपण का करतो? आपलं घर म्हटलं की त्यात दुसऱ्याला कुरूप वाटेल असं काहीतरी असायचंच. माझ्या मते असायलाच हवं.

म्हणून मागणी फार मोठी नाही. भाड्याचा करार तीन वर्षांचा होऊ दे, भाडं दर वर्षी किती वाढणार ते आधीच लिहा, मालकाचंही नुकसान नाही. करारात "खिळे ठोकू नयेत" ही ओळ छापील येते, ती काढा आणि लिहा की दर खोलीला चार-पाच भोकं वापरात धरली जातील, जाताना पुट्टी भरून द्यायची. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले तर रंगाऱ्याचं बिल दाखवा. सोसायटीने इमारतीच्या जिवाला धोका आणि डोळ्याला खटकणं या दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात, आणि दुसरी वही शक्यतो उघडू नये. आणि बिल्डर लोकहो, क्लब हाउस, गझिबो वगैरे सगळं द्या, पण प्रत्येक खोलीत काँक्रीट ओतायच्या आधी एका भिंतीला सात फुटांवर एक लाकडी पट्टी बसवून द्या ना. हजार-पाचशेचं काम आहे. त्यावर माणूस काय लावेल ते त्याचं तो बघेल, देव लावेल, बापाचा फोटो लावेल, क्रिकेटरचं पोस्टर लावेल.

आमच्या कालनिर्णयाचं पुढे असं झालं की फेब्रुवारीत इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं, तो आज येतो उद्या येतो करत एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ड्रिल घेऊन उगवला. जागा आईने ठरवली, हॉलमधून किचनमध्ये वळताना, टेक्स्चर पेंटच्या बरोबर मधोमध. डिझायनर मॅडमची आठवण मी काढली नाही. त्याने पेन्सिलने खूण केली, खाली धूळ धरायला आईने जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट टेपने चिकटवलं, ड्रिलची घरघर सुरू झाली आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वॉचमन. दोन ते चार ड्रिलिंग अलाउड नाही, सर. घड्याळात अडीच वाजले होते. मग इलेक्ट्रिशियन, मी आणि आई असे तिघं चार वाजेपर्यंत चहा घेत बसलो, अर्धं भोक पाडलेल्या भिंतीकडे बघत. चारला पाच मिनिटं असतानाच त्याने परत मशीन लावलं.

भोक थोडं तिरकं गेलं, पेंटचा रुपयाएवढा टवका उडाला. आईने कालनिर्णय अडकवलं, उलट्या बाजूचं खमंग काहीतरी वाचत तीन पानं मागे टाकली, मग परत फेब्रुवारी पुढे घेतला, चष्मा लावला, आणि कोणती तारीख होती रे ती, असं मला विचारत विचारत अठराच्या चौकटीत लिहिलं, गॅस लावला.